गाडी गेली, मालक उरला

गाडी विकण्याचा निर्णय घरात एकमताने झाला. ते मत काकूंचं होतं.

कारण सबळ होतं. काका म्हणजे आयुष्यभर छापखान्यात मुद्रितं तपासलेला माणूस. निवृत्तीनंतर मुद्रितं संपली, पण डोळे तेच राहिले. गाडी चालवताना 'पार्कींग' अशी पाटी दिसली की त्यांचा पाय आपोआप ब्रेकवर पडायचा. मग मागच्यांचे हॉर्न त्यांच्या कानापर्यंत पोचत नसत. काच खाली करून ते त्या दुकानदाराला ऱ्हस्व-दीर्घ समजावत बसत. गल्लीत त्यांना अनुस्वारकाका म्हणत, ते उगीच नाही. एकदा भर चौकात अशीच शिकवणी चालू असताना मागून एक टेम्पो येऊन त्यांच्या डिकीत घुसला. कुणाला खरचटलंही नाही. टेम्पोवर 'शुध्द पाणी' असं लिहिलं होतं, आणि काका खाली उतरून आधी त्यावर बोलले.

काकूंनी त्याच संध्याकाळी किल्ली काढून घेतली. काकू रुग्णालयात मेट्रन होत्या. त्यांनी एखादी वस्तू पेशंटच्या हातातून काढून घेतली की ती परत मिळत नसे.

डिकी ठोकून सरळ केल्यावर गाडी जुन्या गाड्यांच्या एका व्यापाऱ्याकडे न्यायची ठरली. त्याला सगळे शेठ म्हणत. त्याचं दालन दवाखान्यासारखं थंड आणि गुळगुळीत होतं, आणि विकायला ठेवलेल्या गाड्या अशा चकाकत होत्या, की आपलीच गाडी आपण इतकी वर्षं घाण ठेवली याची लाज वाटावी. भिंतीवर मोठ्या अक्षरांत लिहिलं होतं : 'तुम्ही फक्त सही करा, बाकी आम्ही बघतो.' काकांनी ते वाचलं आणि एकही चूक सापडेना, तेव्हा त्यांचा शेठवर विश्वास बसला.

शेठ बोलायला लोण्यासारखा होता. कॉफी मागवली, काकूंच्या गुडघ्याची चौकशी केली आणि मग कागदांचा गठ्ठा पुढे सरकवला. एकेक पान उलटायचं, सहीच्या जागी बोट टेकवायचं, आणि काकांकडे प्रेमाने बघायचं, अशी त्याची पद्धत होती. पण काका घाईघाईत सही करणाऱ्यांतले नव्हते. त्यांनी चष्मा पुसला, पेन्सिल काढली, आणि पहिल्या ओळीपासून वाचायला घेतलं. काकूंना नवऱ्याचा अभिमान वाटला.

काकांना 'हस्तातंरण' सापडलं. 'कबूली' सापडली. एका पानावर तर 'मालक' हा शब्द 'माकल' असा छापलेला होता. त्यांनी समासात खुणा करून सगळं दुरुस्त केलं आणि प्रत्येक निर्दोष पानाखाली समाधानाने सही ठोकली. त्या पानांचा अर्थ काय होता, हे मात्र त्यांना सांगता आलं नसतं. अर्थ बघणं हे छापखान्यातही दुसऱ्या टेबलाचं काम होतं. 'खरेदीदाराचे नाव' यापुढची जागा कोरी होती, पण कोऱ्या जागेत शुद्धलेखनाची चूक नसते, त्यामुळे तिथे त्यांची नजर ठरली नाही.

काकूंची ठरली. हे रिकामं का, असं त्यांनी विचारलं. शेठ म्हणाला, गिऱ्हाईक ठरलं की भरू, उगीच दोनदा नाव बदलण्याचा त्रास कशाला. मग त्याने दोघांच्या हातात पुठ्ठ्याची भलीमोठी किल्ली देऊन फोटो काढला. गाडी देणाऱ्याला किल्ली कशासाठी, हा प्रश्न फोटो काढताना कुणालाच पडला नाही.

परिवहन कार्यालयाची पहिली नोटीस आली ती प्रवेशबंदीच्या रस्त्यात गाडी घातल्याबद्दल. सोबत फोटो होता. गाडी काकांचीच, पण सुकाणूमागे एक अनोळखी, आनंदी माणूस. काकांनी शेठला फोन केला. शेठ म्हणाला, फाइल लायनीत आहे. दुसरी नोटीस आली रुग्णवाहिकेच्या जागेत गाडी लावल्याबद्दल, तिसरी सिग्नल तोडल्याबद्दल, आणि मग नोटिसा दुधाच्या पिशव्यांसारख्या रोज सकाळी दारात पडू लागल्या. फाइल लायनीतच होती.

काका प्रत्येक दंड त्याच दिवशी भरत. आपण न केलेल्या गुन्ह्याचा दंड आपण का भरायचा, असं काकूंनी विचारलं, तेव्हा ते म्हणाले की नाव आपलं छापलंय, आणि आपल्या नावापुढे चूक राहिलेली आपल्याला बघवत नाही.

शेवटी जाड पाकीट आलं. त्यात काकांचा उल्लेख 'सराईत गुन्हेगार' असा होता, आणि यापुढे एकही तक्रार आली तर न्यायालयात उभं राहावं लागेल, असं कळवलं होतं. काका पाकीट घेऊन खुर्चीत बसले. मग अगदी हळू म्हणाले, "'सराईत' बरोबर लिहिलंय गं." त्यांनी पेन्सिलसुद्धा काढली नाही, तेव्हा काकू घाबरल्या. दुसऱ्या दिवशी दोघं परिवहन कार्यालयात गेली.

खिडकीमागे एक बाई होत्या. त्यांनी कागद शांतपणे चाळले आणि गाडी कुणाच्या नावावर करायची, असं विचारलं. काका म्हणाले, ज्याने घेतली त्याच्या. त्याचं नाव? ते कोरं आहे. मग कोऱ्या माणसाच्या नावावर गाडी कशी करणार, असं बाईंनी विचारलं, आणि कागद परत सरकवले.

तिथून दोघं शेठकडे गेली. शेठला फार वाईट वाटलं. त्याने पुन्हा कॉफी मागवली. तो म्हणाला, गाडी त्याने घेतलेलीच नाही. तो घेत नाही, स्वीकारतो. घेतली असती तर ती त्याच्या नावावर झाली असती, आणि त्याच्या नावावर एकही गाडी नाही, हे त्याने अभिमानाने सांगितलं. इतकी वर्षं धंद्यात राहूनही तो स्वतः रिक्षाने फिरत होता.

पुन्हा खिडकी. आता काकांनी तोडगा काढला होता : गाडी शेठकडून परत विकत घ्यायची आणि नीट, नाव भरून, दुसऱ्याला विकायची. बाईंनी नियमावली उघडून बघितली. स्वतःची गाडी स्वतः विकत घेण्याची तरतूद नव्हती. कागदोपत्री गाडी काकांकडून कधी गेलेलीच नाही, तर ती परत कशी येणार? मग चोरीला गेली असं लिहा, असं काकू म्हणाल्या. बाई म्हणाल्या, चोराकडे मालकाच्या सहीचा कागद असेल तर ती चोरी नसते, ते सहकार्य असतं. एक मार्ग होता. गाडी तपासणीला समोर आणून उभी करायची.

"ती कुठे आहे तेच माहीत नाही हो," काका म्हणाले.

"मालकाला माहीत असायला हवं," बाई म्हणाल्या, आणि नोंदीत तसा शेरा मारला.

त्यानंतर आठवडाभराने त्याच कार्यालयातून पुन्हा पाकीट आलं. काकूंनी रक्तदाबाची गोळी हाताशी ठेवून ते फोडलं. आत निमंत्रण होतं. कार्यालयाच्या दुसऱ्या एका विभागाने, कोणता नागरिक दंड सगळ्यांत तत्परतेने भरतो, याची यादी काढली होती. तिच्यात काका पहिले आले होते, आणि दुसऱ्या क्रमांकावरचा माणूस इतका मागे होता की त्याचं नाव छापलंच नव्हतं. काकांना 'आदर्श वाहनमालक' हा पुरस्कार जाहीर झाला होता. सराईत गुन्हेगाराचं काय, असं काकांनी फोनवर विचारलं, तर उत्तर आलं की ते वेगळं टेबल आहे.

समारंभ कार्यालयाच्याच सभागृहात होता. खुर्च्यांना पांढरे अभ्रे, व्यासपीठावर पाण्याच्या बाटल्या, ध्वनिवर्धक मधूनच किंचाळणारा. सगळ्यांना परिवहन खात्याच्या मोठ्या साहेबांची वाट बघायची होती, म्हणून काका-काकूंना दाराशी पायऱ्यांवर स्वागताला उभं केलं. साहेब आले. प्रवेशबंदीच्या बाजूने आले, रुग्णवाहिकेच्या जागेत थांबले, आणि उतरले.

काका साहेबांकडे बघतच नव्हते. ते पाटी वाचत होते, गाडीच्या नंबराची. त्यांनी ती दोनदा वाचली. छपाईची चूक नव्हती. सुकाणूमागे फोटोतला तो आनंदी माणूस बसला होता.

ड्रायव्हर दिलखुलास निघाला. काकूंनी विचारताच त्याने सगळं सांगितलं. गाडी कार्यालयाने शेठकडून भाड्याने घेतली होती. म्हणजे शेठकडून नव्हे, मालकाकडून. मालकाचं करारपत्र होतं, सही होती, आणि भाडं शेठने घ्यावं असं मालकाचं संमतिपत्रही होतं. करारपत्र फार स्वच्छ होतं, असं साहेबसुद्धा म्हणाले होते. त्यात शुद्धलेखनाची एकही चूक नव्हती. थोडक्यात, परिवहन कार्यालय काकांच्या गाडीतून वाहतुकीचे नियम मोडत होतं, त्याचा दंड काकांना लावत होतं, आणि तो वेळेवर भरल्याबद्दल काकांचा सत्कार करत होतं. यातलं एकही टेबल चुकलेलं नव्हतं.

व्यासपीठावर साहेबांनी काकांच्या हातात काचेचं स्मृतिचिन्ह आणि पुष्पगुच्छ दिला आणि दोन शब्द बोलायला सांगितलं. काकांनी ध्वनिवर्धक जवळ ओढला. ते म्हणाले, "मला एवढंच सांगायचंय की ती गाडी माझी नाही."

मग मागच्या रांगेतून कुणीतरी टाळी वाजवली, आणि बघता बघता सगळे उभे राहून टाळ्या पिटू लागले. साहेबांनी डोळे टिपले. त्यांनी ध्वनिवर्धक घेऊन सांगितलं की, मालकीबद्दलची ही अनासक्ती आपण सगळ्यांनी शिकण्यासारखी आहे. काका घाईने म्हणाले, नाही हो, खरंच माझी नाही, मी ती केव्हाच देऊन टाकली. टाळ्या दुप्पट झाल्या. एका वार्ताहराने, ती कुणाला दिली, असं विचारलं. काका म्हणाले, "ते कुणालाच माहीत नाही." आता तर पहिल्या रांगेतल्या एक आजी हमसून रडू लागल्या.

काकूंनी स्मृतिचिन्ह काकांच्या हातातून काढून घेतलं, त्यांचं मनगट धरलं आणि त्यांना व्यासपीठावरून खाली उतरवलं. टाळ्या चालूच होत्या. पायऱ्यांशी गाडी उभी होती. काकूंनी मागचं दार उघडून काकांना आत बसवलं, स्वतः बसल्या, आणि ड्रायव्हरला घरचा पत्ता सांगितला. ड्रायव्हर म्हणाला, साहेबांना विचारावं लागेल. काकूंनी स्मृतिचिन्ह त्याच्या नाकासमोर धरलं. त्यावर सोनेरी अक्षरांत काकांचं नाव होतं, खाली 'वाहनमालक' होतं, आणि त्याखाली साहेबांची सही.

"वाचता येतं ना?" काकू म्हणाल्या. आवाज वॉर्डातला होता. ड्रायव्हरने गाडी सुरू केली.

वाटेत काकूंना हसू फुटलं. आधी नाकातून, मग खांदे हलायला लागले, मग त्यांना बोलताच येईना. काकांनी काच खाली केली. वारा भणाणत आत आला आणि पुष्पगुच्छातली फुलं गाडीभर उडाली. बघता बघता काकाही हसत सुटले, आणि काही कारण नसताना ड्रायव्हरसुद्धा. मागे कार्यालयाच्या पायऱ्यांवर मोठे साहेब रिक्षाला हात करत उभे होते.

गाडी काकूंनी फाटकाच्या आत लावून घेतली आणि फाटकाला कुलूप घातलं. रात्री साहेबांचा फोन आला. ते म्हणाले, ही सरकारी कामातली अडवणूक आहे. काकू म्हणाल्या, ते वेगळं टेबल आहे.

सकाळी शेठ आला, रिक्षाने. काकूंनी त्याला कॉफी दिली, त्याच्या तब्येतीची चौकशी केली, आणि सांगितलं की त्यांनी गाडी ठेवून घेतलेली नाही, नुसती स्वीकारली आहे. शेठच्या कपाळावर घाम आला. भाड्याने दिलेली गाडी नाही म्हटल्यावर कार्यालय त्याच्या बाकीच्या गाड्यांचे कागदही बघायला मागणार होतं, आणि त्याच्या गाड्यांचे मालक तर गावभर पसरले होते. त्याने खिशातून पेन काढलं आणि त्या कोऱ्या जागेत आयुष्यात पहिल्यांदा स्वतःचं नाव लिहिलं. ते त्याला नीट लिहितासुद्धा येईना. काकांनी त्याची वेलांटी दुरुस्त केली.

मग सगळे कार्यालयात गेले. खिडकी वेळेवर उघडली. ज्या नियमावलीत काही म्हणजे काही बसत नव्हतं, तिच्यात आता सगळं बसलं, वर जागा उरली. साहेब स्वतः खिडकीमागे उभे होते. बाईंनी हस्तांतरणाचा शेवटचा कागद काकांपुढे सरकवला आणि सहीच्या जागी बोट टेकवलं.

काकांनी चष्मा पुसला. पेन्सिल खिशातच ठेवली. आणि आयुष्यात पहिल्यांदा ते एखादा छापील मजकूर, त्याचा अर्थ काय, एवढ्यासाठी वाचू लागले. त्याला वेळ लागतो. एका वाक्याशी ते थांबले, पुन्हा वाचलं, बाईंना विचारलं, बाईंनी साहेबांना विचारलं, साहेबांना माहीत नव्हतं. ते वाक्य सांगत होतं की वाहनाच्या भावी सर्व अपराधांची जबाबदारी आजन्म विक्रेत्याची राहील. काकांनी त्यावर आडवी रेघ मारली, साहेबांची सही घेतली आणि पुढचं वाक्य वाचायला घेतलं.

मागे रांग वाढली होती. चुळबुळ सुरू झाली. कुणी घड्याळ बघितलं, कुणी सुस्कारा सोडला. मग रांगेतून आवाज आला, "अहो काका, वाचत काय बसलात? सही करा आणि हला. आम्हाला कामं आहेत."

काकांनी वळून बघितलं. बोलणारे तुम्ही होता.

काकांचं आटोपलं, ते बाजूला झाले. तुम्ही पुढे आलात, खिशातून पेन काढलंत, फोनवर बोलता बोलताच बाईंनी बोट टेकवलं तिथे सही केलीत आणि निघूनही गेलात. कागद कसला होता, ते काकू तुम्हाला दारापर्यंत हाका मारून सांगत होत्या. पण तुम्ही घाईत होता.