सोदामचे शंभरपैकी शंभर

नर्सने "घरी एकदा नुसतं वाचून ठेवा" म्हणून दिलेला कागद बोंग गुरुजींनी जेवणाच्या टेबलावर पसरला, चष्मा पुसला आणि जाहीर केलं, की पेपर फुटला आहे.

तो पेपर नव्हता. सांधे सुजण्याच्या आजाराने बेजार झालेल्या मुलांचे दिवस कसे जातात, हे मोजायची ती प्रश्नावली होती. चालताना त्रास होतो का, झोप लागते का, भीती वाटते का, असे प्रश्न आणि पुढे 'कधीच नाही'पासून 'जवळजवळ नेहमी'पर्यंत चौकटी. गुरुजींची नात सोदाम नऊ वर्षांची. तिचे वडील जहाजावर, आई उन्जू, म्हणजे गुरुजींची मुलगी, पहाटेपासून बेकरीत, त्यामुळे मोकपो शहरातल्या दवाखान्यात तिला न्यायचं-आणायचं काम गुरुजींकडे होतं. यातलं कुठलंच उत्तर बरोबर नाही आणि चूकही नाही, हे नर्सने त्यांना बजावून सांगितलं होतं. पण गुरुजींनी उभी हयात गणित शिकवण्यात घालवली होती. ज्याच्या पेपराला बरोबर उत्तरच नाही, असा परीक्षक त्यांच्या मते एक तर आळशी असतो, नाही तर लबाड. शिवाय कागदाच्या तळाशी बारीक अक्षरांत छापलं होतं, की एकूण गुण शंभर.

मग काय, गुरुजी कोपऱ्यावरच्या दुकानातून झेरॉक्सचा गठ्ठाच घेऊन आले. 'कधीच नाही'ला पूर्ण मार्क मिळतात हे त्यांनी संध्याकाळपर्यंत हुडकून काढलं आणि दुसऱ्या दिवसापासून, उन्जू बेकरीत असताना, सराव परीक्षा सुरू झाल्या. समोर घड्याळ, हातात लाल पेन. सोदामने 'कधी कधी'वर खूण केली रे केली, की लाल रेघ. नियम त्यांचे नेहमीचेच. विचारलं असेल तेवढंच सांगायचं. कोरं काही सोडायचं नाही. शेजाऱ्याला पेपर दाखवायचा नाही. आणि समासात लिहायचं नाही. समासात लिहिणाऱ्याचे मार्क कापणारे गुरुजी म्हणून अर्ध्या गावाला ते अजून आठवत होते.

"पण आजोबा, मला उलट्या होतात ना," सोदाम म्हणाली.

"होतात ते मला माहीत आहे. मी पेपरात काय लिहायचं ते सांगतोय."

उलट्या गोळीच्या होत्या. दर शुक्रवारी घ्यायच्या त्या पिवळ्या गोळीने सांध्यांची सूज उतरली होती, हे खरं. पण पोरीचा शनिवार बादलीशेजारी जायचा आणि रविवार त्या शनिवारातून बाहेर पडण्यात. गोळी हातात घेतली, की तिचा चेहरा असा व्हायचा, की उन्जू दुसरीकडे बघायची. गुरुजी मात्र तिकडे बघून म्हणायचे, "शाब्बास, शूर आहेस." हा माणूस वाईट नव्हता. त्याला फक्त शाब्बास म्हणण्यापलीकडचं काही येत नव्हतं.

परीक्षेच्या दिवशी शेजारच्या ह्योमिनच्या आजीने तांदळाची चिकट मिठाई आणून दिली. ती खाल्ली, की पोरगं पास झालेल्यांच्या यादीला चिकटून राहतं, अशी तिथली समजूत. सोदामने ती कशीबशी गिळली आणि दवाखान्यात जाऊन शंभरपैकी शंभर मिळवले. पालकांसाठी वेगळा कागद होता, त्यात मुलाबद्दल तेच प्रश्न. तो गुरुजींनी भरला. त्यांनाही शंभर पडले.

डॉक्टर प्यो हरखून गेल्या. सूज उतरलेली, रक्ताचा रिपोर्ट चांगला आणि वर पोरगी एवढी आनंदात. गोळी मानवली म्हणायची, आहे तशीच चालू ठेवा, असं त्यांनी सांगितलं. गुरुजींनी कमरेतून वाकून नमस्कार केला आणि येताना बाजारातून तांदळाच्या वड्या घेऊन गल्लीत वाटल्या. ह्योमिनच्या आजीने विचारलं, कसली परीक्षा होती. जगणं कसं चाललंय याची, गुरुजी म्हणाले. तिने हळूच विचारलं, की याचे क्लास कुठे असतात.

उन्जू बेकरीतून आली तेव्हा शेवटची वडी तिच्यासाठी राखून ठेवलेली होती. बातमी ऐकून तिने वडी परत बशीत ठेवली.

"बाबा, तिला शंभर कसे पडले?"

"अभ्यास करून."

उन्जू एप्रनसकट खाली जमिनीवरच बसली. मग हळूहळू सगळं बाहेर आलं. या आजारावर दुसरं एक इंजेक्शन होतं, त्याने पोटात इतकं ढवळत नाही. पण ते सरकारी विम्यातून मिळायचं तर ही गोळी पोरीला सोसत नाही हे दाखवावं लागतं, आणि ते ज्यातून दिसलं असतं तोच हा कागद होता. महिनाभर ती त्याच्या वाटेकडे डोळे लावून बसली होती.

"मग मला आधी सांगायचंस की," गुरुजी म्हणाले.

"सांगितलं असतं तर तुम्ही शिकवणी घेतली असती."

आतून न्हाणीघराच्या नळाचा आवाज येत होता. तो बराच वेळ चालू होता. आपली नात हात किती निगुतीने धुते, म्हणून गुरुजींनी शेजारीपाजारी तिचं कौतुक केलं होतं. ते आताही तसंच काहीतरी बोलणार होते, पण उन्जूकडे बघून थांबले. "उलटीचा आवाज आपल्याला ऐकू जाऊ नये म्हणून नळ सोडते ती," उन्जू म्हणाली. गुरुजींनी मान खाली घातली आणि ती जेवणाच्या वेळेपर्यंत वर केली नाही.

सोमवारी त्यांनी सूट चढवला, टाय बांधला आणि डॉक्टर प्योंपुढे उभं राहून कॉपीचा कबुलीजबाब दिला. परीक्षा रद्द करा, शिक्षा मला द्या, पोरीला नको, असं ते म्हणाले. हसावं की काय करावं, हे डॉक्टरांना कळेना. शेवटी त्यांनी सांगितलं, की पुढच्या महिन्यात दोघांनी पुन्हा भरा, पण या वेळी खरं लिहा. दोन्ही कागद खरे असले, तर इंजेक्शनसाठी मी स्वतः अर्ज करीन.

एवढ्यावर थांबतील तर ते गुरुजी कसले. घरी येऊन त्यांनी नापास व्हायची शिकवणी काढली. आता सगळीकडे 'जवळजवळ नेहमी'वर खूण करायची. सोदामला ते जमेना.

"वर्गातली मुलं मला चिडवतात, जवळजवळ नेहमी? नाही चिडवत ती. माझी बॅग उचलतात."

गुरुजींनी लाल पेन उचललं तेवढ्यात उन्जूने गठ्ठा ओढून घेतला आणि फाडला. वडिलांच्या हातातलं काही असं ओढून घेण्याची तिची ती पहिलीच वेळ होती.

तरी ठरलेल्या दिवशी, उन्जू कामावर गेल्यावर, गुरुजींनी गुपचूप समुद्री शेवाळाचं सूप केलं. एरवी ते वाढदिवसाला करतात, पण परीक्षेच्या दिवशी कुणी घरात शिजवत नाही, कारण त्या बुळबुळीत शेवाळावरून पोरगं घसरतं म्हणे. सोदामने वाटीकडे पाहिलं.

"आजोबा, आज माझा वाढदिवस आहे?"

"नाही. जेव."

तिने दोन चमचे खाल्ले आणि बाकीचं तसंच ठेवलं.

दवाखान्यात नर्सने दोघांना एकाच टेबलाशी बसवलं, दोघांपुढे दोन कागद ठेवले आणि ती निघून गेली. सोदामने सवयीने डावा हात आडवा ठेवून आपला कागद झाकला आणि ती भराभर लिहू लागली. गुरुजींनी नाव लिहिलं, तारीख लिहिली आणि पहिल्याच प्रश्नाशी ते अडले. मुलाला झोप लागायला त्रास होतो का? दुसरा: मूल पुढे काय होईल याची काळजी करतं का? शंभर मिळवताना हे प्रश्न किती सोपे होते. आता मात्र त्यांना एकाचंही उत्तर येत नव्हतं. इतके दिवस त्यांनी तिला काय लिहायचं ते सांगितलं होतं, तिला काय होतं हे एकदाही विचारलं नव्हतं.

त्यांनी मान लांब करून तिच्या हाताआडून डोकावायचा प्रयत्न केला. तिने हात आणखी पुढे सरकवला.

"आजोबा, कॉपी करायची नाही."

"नाही करत," गुरुजी म्हणाले आणि त्यांचे कान लाल झाले.

सोदामने आपला कागद पालथा घातला आणि त्यांच्या कागदाकडे पाहिलं. तो कोराच होता. तिने खुर्ची जवळ ओढली, पहिल्या प्रश्नावर बोट ठेवलं आणि ती सांगू लागली. गुरुजी लिहू लागले. झोप? बरेचदा लागत नाही. जिने? चढताना कधी कधी दुखतं. मुलांचं चिडवणं? कधीच नाही. ती अगदी त्यांच्यासारखीच सांगत होती, सावकाश, आणि समोरच्याचं लिहून होईपर्यंत थांबत होती.

"भीती वाटते का? जवळजवळ नेहमी," सोदाम म्हणाली.

गुरुजींचं पेन थांबलं. "कशाची गं?"

"ते प्रश्नात विचारलेलं नाहीये."

"मी विचारतोय, बाळा."

ती खिडकीकडे बघत म्हणाली, "शुक्रवारची. गुरुवारी शाळेतून येतानाच मळमळायला लागतं. तुम्ही शाब्बास म्हणता ना, मग रडता येत नाही."

गुरुजींनी कागद वर-खाली शोधला. एवढं लिहायला त्यात कुठेच चौकट नव्हती. मग समासात लिहिणाऱ्यांचे मार्क कापत आलेले बोंग गुरुजी समासात लिहू लागले, अक्षर बारीक करत, डोळे पुसत, आधी उजवीकडे, मग खाली, मग कागद फिरवून वर. सोदाम सांगत होती, आणि त्यातलं बरंचसं कुठल्याच प्रश्नात बसणारं नव्हतं.

थोड्या वेळाने नर्स कागद न्यायला आली. गुरुजींनी मान वर न करताच एक हात पुढे केला आणि म्हणाले, "पुरवणी मिळेल का?"