जोमरेची वीस नखं

जोमरेआजी दुपारच्या झोपेतून जागी झाली, तेव्हा तिच्या हातापायांच्या सगळ्या बोटांना प्लास्टिक गुंडाळून वरून दोरे बांधलेले होते. तिचा नवरा मानशिक शेजारी बसून खलबत्ता पुसत होता. खलबत्त्यात वाटलेला तेरडा आणि तुरटीचा चुरा.

"हे काय केलंत?"

"नखं रंगवली."

"या वयात? परवा माझं पित्ताच्या खड्याचं ऑपरेशन आहे!"

"म्हणूनच तर. लाल रंग दिसला की यमदूत माघारी फिरतो."

"आणि पायाची कशाला?"

"पायाकडून आला तर?"

दुखण्याची गोळी घेतली की जोमरे ओंडक्यासारखी झोपायची, त्याचा या माणसानं असा फायदा घेतला. उभ्या जन्मात बायकोसाठी साधा भात लावला नाही, आणि आता हात चालला तर हा असा. तिनं दोरे तोडले. नखं डाळिंबाच्या दाण्यांसारखी लाल.

दवाखान्यानं बजावलं होतं, नखं कोरी ठेवून या. गुंगीत माणसाचा श्वास नीट चाललाय का, ते बोटाला चिमटा लावून नखातून बघतात. नखं रंगलेली असली तर तारीख पुढे. पुढची तारीख म्हणजे सुगीचा छूसक सण गेल्यावर. वसंतापासून जोमरे भाताच्या पेजेवर होती. सणाला लेकरं डुकराचं मटण भाजणार आणि हिनं वासावर जेवायचं?

तिनं नखपॉलिश काढायचं पाणी लावलं. नुसता वास सुटला. लिंबू चोळलं. भांडी घासायची तारेची घासणी घेतली, तर मानशिक हात धरून बसला. "अगं, सोलशील!"

"सोडा! सणाला माझ्या वाटची पेज तुम्ही पिणार आहात का?"

औषधांच्या दुकानातली बाई नखं बघून हसली. "आजी, कातडी रोज झडते, तिचा रंग जाईल. नखाचं तसं नाही. नख मेलेलंच असतं, रंग आत मुरून बसतो. जिवंत काय ते मुळाशी, कातडीच्या आत. तिथून नवं नख पुढे सरकत येतं."

"मग कधी जाणार?"

"वाढेल तसं कापत राहा. थंडीपर्यंत."

जोमरे तिथून तडक सार्वजनिक न्हाणीघरात गेली. तिथली अंग घासणारी बाई गावात नावाजलेली. तिनं जोमरेला गरम पाण्यात भिजवून अशी घासली की मळाच्या वळ्या निघाल्या. बोटांची कातडी गुलाबी, स्वच्छ झाली. मधोमध नखं आणखीच लालभडक दिसायला लागली.

"कातडी तुम्ही म्हणाल तेवढी काढीन," ती बाई दमून म्हणाली, "नखापुढे माझं काही चालत नाही."

ऑपरेशनच्या दिवशी जोमरे हात पदराआड लपवावेत तसे चादरीखाली घालून पडली. नर्सनं चादर उचलली.

"अगंबाई! बरं, पायाचं एखादं नख दाखवा."

मोजे निघाले. नर्सनं तोंडावर हात ठेवला.

"परत पाठवू नकोस गं पोरी," जोमरे म्हणाली. तिचा आवाज पहिल्यांदाच बारीक झाला होता.

"पाठवते कशाला? चिमटा कानाच्या पाळीलाही लागतो."

जोमरेनं नवऱ्याकडे बघितलं. "कानाला काही लावलं नाहीत ना?"

"कान राहिले," मानशिक ओशाळून म्हणाला.

चिमटा लागला, यंत्र टुकटुकलं, आत न्यायला माणूस चाकांची गाडी घेऊन आला आणि जोमरेला तिच्यावर घेतलं. जोमरेनं नवऱ्याचा हात धरला, तर तळवा घामानं निथळत होता. "अहो, येते तासाभरात," असं ती म्हणते न म्हणते तोच मानशिक पांढराफटक पडून भिंतीला घासत खाली बसला.

मग जोमरे स्वतःच गाडीवरून उतरली आणि त्याला तिथं झोपवायला लावलं. नर्सनं दुसरा चिमटा आणला. मानशिकचा डावा हात सकाळपासून खिशात होता, तो जोमरेनं ओढून काढला. करंगळीचं नख लाल.

"हे काय?"

"तुला झोंबेल का, ते आधी स्वतःवर बघितलं," तो डोळे मिटूनच पुटपुटला.

ती करंगळी मुठीत धरून जोमरे स्टुलावर बसली.

"आजी, आत डॉक्टर थांबलेत," गाडीवाला म्हणाला.

"थांबू देत. आधी यांच्या तोंडावर रंग येऊ दे. माझा खडा काही पळून जात नाही."