वाटीखालची चिठ्ठी

सून खुर्चीत टेकली आणि तिच्याखाली काहीतरी कट्कन मोडलं. उशी उचलून पाहते तो आत्याबाईंचा चष्मा; काडी एकीकडे, काचा दुसरीकडे.

आत्याबाई म्हणजे नवऱ्याची आत्या. लग्नानंतर महिन्याभरातच सुनेच्या हातून त्यांची किटली फुटली आणि त्यांनी तिचं नाव पाडलं ‘मोडतोड’. ते नाव सगळ्या गोतावळ्यात फिरलं. आत्ता कुठे लोक विसरत होते.

नवऱ्याने चष्मा खिशात घातला. "कोपऱ्यावरच्या चष्मेवाल्याकडे जाऊन येतो. तोवर आत्याला गुंतवून ठेव."

तो गेला आणि आत्याबाई दुपारची झोप आटोपून बाहेर आल्या. "अगं, माझा चष्मा..."

"आत्याबाई, शब्द ओळखायचा डाव टाकू या?"

ते दिवसच असे, की घरातली करमणूक म्हणजे माणसं आणि त्यांचे शब्द. आत्याबाई तर या खेळापुढे तहानभूक विसरत. "नियम ठाऊक आहेत ना? शब्द आधी लिहून वाटीखाली ठेवायचा. उत्तर हो किंवा नाही. खोटं बोललीस की डाव गेला. आणि शब्द ओळखेपर्यंत कुणी जागचं हलायचं नाही."

शेवटच्या नियमाने सुनेला हायसं वाटलं. पण लिहायला बसली तर एक शब्द सुचेल तर शपथ! डोक्यात एकच गोष्ट भिरभिरत होती, हाताने तीच लिहिली. वाटी उपडी घातल्यावर आपण काय लिहिलं ते तिच्या ध्यानात आलं. चिठ्ठीवर ‘चष्मा’ होतं.

"घरात असतं?"

"हो."

"आत्ता आहे?"

"ना... नाही."

"म्हणजे हरवलंय की कुणी नेलंय?"

"हे दोन प्रश्न झाले, आत्याबाई. नियम म्हणजे नियम!"

"मोठी नियमवाली! बरं, काचेचं आहे?"

"थोडंसं म्हटलं तर चालेल?"

"हो की नाही?"

"हो."

"माझं आहे?"

सुनेने दाराकडे पाहिलं. अजून पाऊल वाजत नव्हतं. "हो," ती पुटपुटली.

"फुटलंय?"

काचा शाबूत होत्या. "नाही!" ती जवळजवळ ओरडलीच.

आता पुढचा प्रश्न गळ्याशी येणार, असं तिला वाटलं. आत्याबाई म्हणाल्या, "झाडाला लागतं?"

"काचेचं?"

"विचारायला काय जातं! उडतं? भुंकतं?"

एरवी चार प्रश्नांत शब्द पकडणारी बाई आज रानोमाळ भटकत होती. सुनेने मनात देवाला हात जोडले. इतक्यात दार वाजलं, नवरा आत आला.

"चष्मा!" आत्याबाई तत्क्षणी म्हणाल्या. "जिंकले. आता माझी पाळी."

नवऱ्याने पुढे केलेला चष्मा लावून त्या लिहायला बसल्या. स्वयंपाकघरात नवरा कुजबुजला, "चष्मेवाला हसत होता. म्हणे, ही काडी डिंकाने चिकटवायची अक्कल कुणाची? डिंक अजून ओलाच होता."

सुनेला आठवलं. दुपारी झोपायला जाण्याआधी आत्याबाईंनी डिंकाची बाटली मागून घेतली होती. पाकीट बंद करायला म्हणून. पण पाकीट काही कुणी पाहिलं नव्हतं.

ती शांतपणे येऊन समोर बसली. वाटी उपडी होती.

"विचार पहिला प्रश्न."

"डिंक?"

आत्याबाईंनी वाटी झटकन उचलली आणि चिठ्ठी थेट तोंडात टाकली.

"शब्द दाखवायचा असतो, आत्याबाई."

"पुरे आता खेळ," त्या गिळत म्हणाल्या. मग ठसका लागला. "जरा पाणी आण गं... सूनबाई."