नाकावरची चिठ्ठी

प्रदर्शन उघडायला तीन तास उरले होते आणि सरांच्या बायकोला नाक नव्हतं.

बायको म्हणजे प्लास्टरची. खरी बायको नाकासकट घरी होती आणि घरीच बसणार होती. बावीस वर्षांपूर्वी, लग्न नवं असताना, सरांनी तिचं डोकं घडवलं. बाकी सगळं हुबेहूब. नाक मात्र असं, की सरांच्या कार्यशाळेत येणारे पाहुणे त्याला छत्री अडकवून आत येत. "हे नाक माझं नाही. ते असेल तिथे मी पाऊल टाकणार नाही," असं बाईंनी तेव्हाच सांगितलं आणि शब्द पाळला. सरांची अकरा प्रदर्शनं झाली, बाई एकालाही फिरकल्या नाहीत. हे बारावं, सरांनी स्वतः निवडून मांडलेलं, आयुष्यभराचं काम. दाराशी पहिली खुर्ची बाईंसाठी राखलेली. पण ते डोकंही वगळवेना; हातून त्याहून चांगलं काही झालंच नव्हतं.

आता नाक गेलं कसं, ते ऐका. सर शिकवताना फारसं बोलत नसत. मूर्तीवर जिथे माती जास्त दिसेल तिथे चिठ्ठी डकवायची: 'काढा'. विद्यार्थ्याने निमूट काढायची, का म्हणून विचारायचं नाही. पाच वर्षं या चिठ्ठ्यांवर वाढलेली एक शिष्या आता स्वतः शिक्षिका झाली होती आणि मांडणीला मदत करायला आली होती. सकाळी खोकी आली. जी उघडायची, त्यांवर सरांनी 'काढा' डकवलं. एका खोक्याचं झाकण नाकामुळे बसलंच नव्हतं. भुशातून तेवढंच वर आलेलं. सरांनी चिठ्ठी त्याच्यावरच लावली आणि ते दिवे बघायला वरच्या मजल्यावर गेले.

"सर, काढलं," परत आल्यावर शिष्या म्हणाली.

"छान. कुठे ठेवलंस?"

"कागदात गुंडाळलंय."

"एवढं डोकं कागदात?"

"डोकं कुठलं, नाक! बारीक करवतीने, एका दमात. कपचीसुद्धा उडू दिली नाही."

"अगं, माझं नाक कापलंस तू!"

"तुमचं कुठे सर, काकूंचं."

नाक चिकटवलं, ते वजनाने पडलं. पुन्हा चिकटवलं, पुन्हा पडलं. तिसऱ्यांदा शिष्येने घाईत उलटं लावलं. तेही पडलं, हे नशीबच. शेवटी सरांनी नवं प्लास्टर कालवलं. पहिलं नाक बटाट्यासारखं झालं, दुसरं पोपटासारखं. बावीस वर्षं जिच्या समोर बसून जेवलो तिचं नाक आठवेना! सरांनी घरी फोन लावला.

"अगं, तुझं नाक कसं आहे?"

"बरं आहे. सर्दी नाही मला."

"तसं नव्हे. दिसायला कसं आहे?"

"हे आज विचारताय?"

"ते जुनं काढून टाकलं गं."

फोन खाडकन बंद झाला. विसाव्या मिनिटाला बाई दारात हजर, एका पायात स्वतःची चप्पल, दुसऱ्या पायात सरांची. स्टुलावर बसल्या त्या अर्धा तास हलल्या नाहीत. सर बघत होते, बोटं चालत होती.

"तेव्हा अशी बसली असतीस तर?" सर म्हणाले. "मिनिटभर स्वस्थ बसायची नाहीस. मग नाकापुरता मी आरसा…" आणि त्यांनी जीभ चावली.

"आरसा काय?"

शिष्येने हळूच कागद उलगडला. जुनं नाक सरांच्या नाकाशेजारी धरलं. "सर, हलू नका." तोच बाक, तोच उंचवटा, डावी नाकपुडीसुद्धा तेवढीच फेंदारलेली.

"म्हणजे बावीस वर्षं तुमचं नाक माझ्या तोंडावर!" बाई ओरडल्या, आणि मग हसू आवरेना म्हणून त्यांनी स्टुलाची कड धरली.

प्रदर्शन वेळेवर उघडलं. बाई पहिल्या खुर्चीवर होत्या. जुनं नाक त्यांनीच एका छोट्या चौथऱ्यावर मांडलं होतं आणि पाटीही स्वतःच्या अक्षरात लिहिली होती: 'कलावंत, स्वतः'. सगळ्यात जास्त गर्दी तिथेच होती.

तेवढ्यात फोटोग्राफर आला. "सर, कशाकशाचे घेऊ?"

सर आनंदात होते. "हे डोकं आणि हे नाक," ते म्हणाले, "दोन्ही काढा."

शिष्येने निमूट करवतीच्या पिशवीत हात घातला. बाईंनी झडप घालून तिचं मनगट धरलं.

"अगं बये, फोटो!"