फुकटचे थेंब

आमच्या मालकांना फुकटाचं भारी वेड. जन्मभर मार्केटात गोण्या उचलून कष्टाचं खाल्लं, पण कुठं काही फुकट वाटतायत म्हटलं की हा माणूस उलटी चप्पल घालून धावेल. हे काय शहाण्या माणसाचं वागणं झालं?

रविवारी पोरीचा, सुनयनाचा, साखरपुडा आणि बुधवारी हे स्वतःच्याच चष्म्यावर बसले. चष्म्याशिवाय ह्यांना समोर माणूस आहे की कपाट, ते कळत नाही. आणि साखरपुड्यात घरच्या कर्त्यानं पहिला फेटा व्याह्याला बांधायचा असतो. आमच्या साताऱ्याकडं फेटा चुकला की सोयरीक मोडली म्हणून समजा. ह्यांच्या मामाच्या घरी नुसती टॉवेल-टोपी मागंपुढं झाली, तर अख्खं वऱ्हाड न जेवता टेम्पोत जाऊन बसलं होतं.

मी म्हटलं, "गल्लीच्या तोंडाशी चष्मेवाला हाय. आत्ता गेला तर उद्या चष्मा नाकावर."

"पैसं कशाला घालवायचं?" हे म्हणाले. "राजवर्धनच्या कंपनीचा इन्शुरन्स हाय की. आईबाप दोघंबी हाय त्यात."

राजवर्धन आमचा मुलगा. त्यानं मोबाईलवर बघून सांगितलं, इन्शुरन्स घेणारा डोळ्यांचा डॉक्टर दिघ्याला आहे. घणसोलीहून रिक्षा करून गेलो, तर तिथं दातांचा दवाखाना. "काका, डोळ्यांचे डॉक्टर जागा सोडून गेले," तिथली बाई म्हणाली. "इन्शुरन्स चालतो ना पण?" हे विचारतायत, आणि तोंड आधीच उघडलेलं! मी शर्टाला धरून बाहेर ओढलं.

ऐरोलीत एक सापडला. तो इन्शुरन्स घ्यायचा, पण दुसऱ्याच कंपनीचा. शेवटी खारघरच्या एका मोठ्या हॉस्पिटलानं हो म्हटलं. पण नंबर मिळाला रविवारी सकाळचा.

"अवो, त्याच दिवशी पोरीचा साखरपुडा हाय!"

"त्यो संध्याकाळी हाय. मी नवा चष्मा घालूनच हॉलवर येतो. टेन्शन नको घेऊस."

ह्यांना एकट्याला सोडायची सोय नव्हती, म्हणून मीही गेले. काउंटरवरची पोरगी म्हणाली, "काकू, तुमचंही नाव आहे यात. तपासून घेता का?" माझे डोळे घारीचे. पण बाहेर ऊन रणरणत होतं, आत एसी होता. आणि चालतंय म्हटल्यावर नको कशाला म्हणायचं? दोघांच्याही डोळ्यांत थेंब घातले आणि डोळे मिटून शेजारी शेजारी बसवलं.

डॉक्टरीणबाईंनी बॅटरी मारून बघितलं. "अभिनंदन! दोघांनाही मोतीबिंदू नाही. काकांना फक्त चष्मा लागेल."

"मग द्या," हे म्हणाले.

"चष्मा या पॉलिसीत बसत नाही, काका. ऑपरेशन असतं तर सगळं कॅशलेस झालं असतं."

ह्यांचं तोंड एवढंसं झालं. "जरा नीट बघा की, बाई. कुठंतरी कोपऱ्यात थोडा असंल मोतीबिंदू."

"अजिबात नाही. आणि हो, थेंबांमुळे रात्रीपर्यंत दोघांनाही धूसर दिसेल."

हे आता सांगते!

हॉलमध्ये पाऊल टाकलं तर दिव्यांचा नुसता भडका. माणसं म्हणजे रंगाचे ठिपके. सुनयना हिरवा ठिपका, गुरुजी पिवळा ठिपका. फेट्याची वेळ झाली. हे कानाशी कुजबुजले, "प्रेमला, व्याही कुठला?"

मी डोळे बारीक केले. "त्यो काय, मधल्या खुर्चीवर. पांढऱ्या कपड्यातला. ऐटीत बसलाय बघा. बांधा."

ह्यांनी झकास फेटा बांधला, टिळा लावला, नारळ दिला, गळाभेटसुद्धा घेतली. तेवढ्यात राजवर्धन पळत आला. "आई, अगं तो केटरिंगवाला आहे! पाय दुखले म्हणून बसला होता!"

पहिल्या मानाचा फेटा आचाऱ्याला! व्याही शिवरामराव ताडकन उठले. राजवर्धननं घाईघाईत त्यांना दुसरा फेटा बांधला, पण ते ताटावर बसेनात. अंगठ्या तशाच राहिल्या. आतल्या खोलीत सुनयना रडायला लागली. माझ्या अंगाची लाहीलाही झाली. मी ह्यांना शोधायला निघाले. कोपऱ्यात पंख्याखाली, ह्यांच्यासारखाच फेट्यातला एक ठिपका मान खाली घालून बसलेला दिसला.

"बसा, असंच तोंड लपवून बसा!" मी सुरू केलं. "पोरगी आत रडतीया आन् तुमी हितं वारा खाताय? लाज वाटत न्हाई? एका फेट्यापायी लेकरांचं सुख मोडायला निघाला! कसला मान आन् कसलं काय, घरात कुणी कुत्रं विचारत न्हाई तुमाला! उठा, दोन जिलब्या खावा आन् हसऱ्या तोंडानं पोरांना अंगठ्या घालायला लावा!"

मागून ओळखीचा आवाज आला, "प्रेमला, कुणाला बोलतीयास? मी हितं हाय."

म्हणजे मी व्याह्यांनाच झाडत होते! तेवढ्यात शेजारून विहीणबाई खदखदून हसल्या. "बोला, बोला, थांबू नगा! आमच्या घरात ह्यांना असं सुनवायची कुणाची छाती झाली न्हाई आजवर. माझ्या वाटचं बी बोलून घ्या."

शिवरामराव खाकरले. सगळा हॉल त्यांच्याकडं बघत होता. बारीक आवाजात म्हणाले, "जिलबी कुठं हाय?"

अंगठ्या झाल्या, पंगत झाली. मी काही माघार घेतली नाही. जे बोलले ते दोघांनाही लागू होतं. हात धुऊन बघते तर हे आणि शिवरामराव एकाच सोफ्यावर, डोक्याला डोकं लावून.

"आमच्या पोराचा बी इन्शुरन्स हाय," शिवरामराव म्हणत होते. "डोळं फुकट बघत्यात म्हंता?"

"एक पैसा घेत न्हाईत!" हे खुशीत म्हणाले. "उद्याच जाऊ. दिघ्याला दाताचं बी विचारून येऊ."

मी कमरेवर हात ठेवून ह्यांच्यापुढं उभी राहिले. ह्या वेळी आधी नीट बघून घेतलं, कोण ते.

"अवो," मी म्हटलं, "आज साखरपुडा पोरीचा न्हाई, तुमचा आन् व्याह्यांचा झाला."