फ्रीजरमधलं बेअरिंग

गॅरेजवाल्याने खर्चाच्या अंदाजाचा कागद पुढे केला आणि कात्रीने सवयीने खिशातलं लाल पेन काढलं. पुढचा सगळा घोळ त्या पेनामुळे झाला.

कात्री हे त्याचं खरं नाव नव्हे. तो विमा कंपनीचा सर्व्हेअर. ठोकलेल्या गाड्या तपासायच्या आणि दुरुस्तीच्या बिलातल्या ओळी खोडायच्या, हे त्याचं काम. गॅरेजवाल्याने ‘नवीन टाकावे लागेल’ लिहिलं की हा समोर ‘दुरुस्त होऊ शकते’ लिहिणार. म्हणून गावातल्या तमाम गॅरेजांत तो कात्री. (बायकोलाही हे नाव माहीत होतं. ती ते फक्त तसंच कारण असेल तर वापरायची. कारण बहुधा असायचं.)

या वेळी मात्र मोटरसायकल कात्रीच्याच ताब्यातली होती, आणि वाईट गोष्ट अशी की ती त्याची नव्हती. सासऱ्यांची होती. सासरे म्हणजे आप्पा. गुडघ्याने दगा दिल्यापासून त्यांना किक मारता येईना, तेव्हा त्यांनी गाडी जावयाच्या दारात आणून लावली आणि बजावलं, की ही दिलेली नाही, सांभाळायला ठेवलेली आहे. त्यावर कात्रीने आप्पांना देखभाल या विषयावर चहा निवेपर्यंत ऐकवलं होतं. लोक ऑईल बघत नाहीत, इंजिन जाम करून घेतात आणि मग आमच्या दारात येऊन रडतात, वगैरे. आप्पा निमूटपणे मान डोलावत होते. त्यानंतर कात्री ती गाडी मजेत चालवत राहिला आणि ऑईल बघायचं तेवढं राहून गेलं. एका चढावर इंजिनाने घशात घास अडकल्यासारखा आवाज केला आणि ते जे गप्प झालं ते झालंच.

आता आप्पा गुडघा दाखवायला महिनाअखेरीस येणार होते. तोवर गाडी चालू झाली पाहिजे आणि त्यांच्या कानावर काही जाता कामा नये. गेलं असतं तर देखभालीवरचं ते सगळं व्याख्यान आप्पांनी जावयाला शब्दन् शब्द परत ऐकवलं असतं. आप्पांची स्मरणशक्ती गुडघ्यात नव्हती.

तर गॅरेजवाल्याच्या कागदावर पिस्टन नवा, सिलिंडर नवा, बेअरिंग नवं, मालक सोडून सगळं नवं. कात्री एकेक ओळ खोडत गेला. गॅरेजवाल्याने ते शांतपणे पाहिलं आणि म्हणाला, “साहेब, इतकी वर्षं दुसऱ्यांच्या गाड्यांवर लिहीत आलात. आता घरच्या गाडीला करूनच बघा की.”

हे बोलणं झोंबलं. कारण कात्रीने इंजिनांवर आयुष्यभर लिहिलं होतं, पण एकाही इंजिनात बोट घातलेलं नव्हतं.

इंजिन जेवणाच्या टेबलावर आलं. बायकोने एवढंच विचारलं, की जेवायचं कुठे. तिचं मत सरळ होतं: आप्पांना फोन करा आणि सांगून टाका, फार तर चार शब्द बोलतील. पण कात्रीचं लक्ष आता फोनकडे नव्हतं. पहिला बोल्ट सुटला तेव्हा तो भीत होता, दहाव्याला तो शिट्टी वाजवत होता. आत काय काय होतं! ज्या नावांवर त्याने आजवर नुसत्या लाल रेघा मारल्या होत्या, ती नावं तेलात माखून, जड होऊन त्याच्या हातात येत होती. पिस्टनवर लांबलचक ओरखडे होते. सिलिंडर आतून कोणीतरी चमच्याने खरवडल्यासारखा. कात्रीने ते बायकोला बोलावून दाखवले. तिने कढईचा तळ बघावा तसं आत पाहिलं आणि म्हणाली, “करपलंय.” निदान अगदी बिनचूक होतं.

मग जुना बाजार. लांबच लांब पत्र्याची शेड आणि तिच्यात मेलेल्या गाड्यांचे अवयव खुंट्यांना टांगलेले. तिथल्या विक्रेत्यांबद्दल एक गोष्ट स्पष्ट सांगायला हवी: ते खोटं बोलतात आणि तेही जांभई देत. निदान खोटं तरी माणसाने मन लावून बोलावं. कात्रीने काहीही उचललं की दुकानातला शेठ डोळे न उघडता सांगायचा, डॉक्टरांची गाडी होती. पिस्टन डॉक्टरांचा, सिलिंडर डॉक्टरांचा, चुकून हातात आलेलं कुलूपही डॉक्टरांचं. त्या हिशेबाने गावातले सगळे डॉक्टर पायी फिरत असणार.

पण कात्रीचा स्वभाव चौकस. त्याला प्रत्येक भागाचं पूर्वायुष्य हवं होतं. डॉक्टर सावकाश चालवायचे की जोरात? घर चढावर होतं का? मागे कोणी बसायचं का, आणि बसायचं तर किती वजनाचं? त्याने पिस्टन उजेडात धरला, नखाने खरवडला, हुंगला, आणि काजळीवरून ठरवलं की हा मालक एकटा, जपून चालवणारा आणि जरा काळजीखोर असावा. शेठने तेव्हा पहिल्यांदा डोळे उघडले.

“साहेब, पिस्टन घेताय की स्थळ बघताय?”

कात्रीने दोन्ही भाग घेतले. एकमेकांत घालून पाहिले, छान बसत होते. जुनं घ्यायचं नाही असं एकच होतं, ते म्हणजे बेअरिंग. इंजिनाचा मुख्य दांडा ज्या पोलादी कड्यात फिरतो ते. गॅरेजवाला, शेठ आणि कात्रीने पाहिलेले सगळे व्हिडिओ यांचं जगात फक्त याच बाबतीत एकमत होतं: बाकी काहीही जुनं चालेल, बेअरिंग नवं घाला. तेव्हा त्याने जुनं बेअरिंग ठोकून काढलं आणि नवं विकत आणलं. सोन्याची बांगडी आणावी तसं, शर्टाच्या आतल्या खिशातून.

ते बसवायची रीत त्याला फारच आवडली. हातोडी मारायची नाही. बेअरिंग फ्रीजरमध्ये ठेवायचं, म्हणजे ते आकसतं. इंजिनाचं कवच ओव्हनमध्ये तापवायचं, म्हणजे ते फुलतं. मग गरमागरम कवचात गारेगार बेअरिंग नुसतं सोडायचं, आपोआप बसतं. ओव्हन बायकोचा. ती ऑर्डरचे केक करायची, त्यामुळे कवच साबणाने घासून, विसळून, तिला हुंगायला देऊन मगच आत जाईल असं ठरलं. फ्रीजरबद्दल तिला काही सांगायची गरज कात्रीला वाटली नाही. त्याने बेअरिंग मऊ पंच्यात गुंडाळलं, पिशवीत घातलं आणि मटारच्या शेजारी ठेवलं.

रविवारी दुपारी कवच ओव्हनमध्ये गेलं, आणि दारावर थाप पडली. आप्पा. महिनाअखेर यायला अजून आठवडा होता, पण गुडघा फार ठणकतो म्हणून ते लवकरच निघाले होते.

टेबलावरच्या इंजिनावर चादर पडली. (बायकोच्या हाताला असा वेग कात्रीने आधी पाहिला नव्हता. तिचं म्हणणं तिच्या जागी, पण बापासमोर नवऱ्याची शोभा तिला नको होती.) आप्पांनी विचारलं हे काय, तेव्हा ती म्हणाली शिवणाचं मशीन. आप्पा सोफ्यावर टेकले आणि गुडघा चोळू लागले. कात्री ओव्हनवर डोळा ठेवायला स्वयंपाकघरात सटकला.

कवच तापलं. त्याने हातमोजे घातले आणि फ्रीजर उघडला. मटार होते. बेअरिंग नव्हतं.

बाहेर आप्पा पाय लांब करून, डोळे मिटून बसले होते. त्यांच्या गुडघ्यावर कात्रीचा पंचा होता.

“अहो,” बायको म्हणाली, “तुम्ही मला बोललाही नाहीत. मी बर्फ काढायला गेले तर हे दिसलं. आप्पांसाठी आणून ठेवलंत ना?”

तिच्या आवाजात काहीतरी असं होतं, जे कात्रीच्या वाट्याला लग्नाच्या पहिल्या वर्षानंतर आलं नव्हतं. तो काही बोलणार त्याआधीच आप्पांनी डोळे उघडले.

“जावईबापू, आजवर मी तुम्हाला ओळखलं नाही,” ते म्हणाले. “बर्फ पाच मिनिटांत पाणी होतो. हे जड आहे, हलत नाही. मधे भोक ठेवलंय, ते बरोब्बर दुखऱ्या जागेवर येतं. आणि हे बघा.” त्यांनी पंच्यातून ते गोल गोल फिरवलं. “फिरतंयसुद्धा. कोणत्या डॉक्टरांनी सांगितलं?”

स्वयंपाकघरात कवच तापत होतं, इथे बेअरिंग गुडघ्याच्या उबेने कोमट होत होतं, आणि समोर बायकोचे डोळे भरून आले होते. त्याने सुचवलं, की असलं यंत्र फार वेळ लावू नये. आप्पा म्हणाले, आराम पडतोय. त्याने मटारची पिशवी देऊ केली. आप्पांनी तिच्याकडे जुन्या बाजारातल्या मालाकडे बघावं तसं पाहिलं. शेवटी त्याने हळूच पंच्याचं टोक धरून ओढलं, तर आप्पांनी दुसरं टोक धरलं.

“काय जळतंय?” आप्पांनी मधेच विचारलं.

कात्री म्हणाला केक. आप्पा म्हणाले, मग आणा थोडा. बायकोला तोवर ओव्हन आठवला. ती धावली, आणि घाबरून धुराच्या लोटासकट ते कवच फडक्याने उचलून सरळ बाहेर घेऊन आली. (साबणाने घासूनही कुठेतरी ऑईल राहिलं होतं. गाडीला हवं होतं तेव्हा नेमकं नव्हतं.) तिने ते आप्पांच्या समोरच्या स्टुलावर ठेवलं आणि मग तिच्या लक्षात आलं आपण काय केलं.

इंजिनाचा नंबर कवचावर कोरलेला असतो. आप्पांना तो पाठ होता. त्यांनी पुढे वाकून वाचला, मग पंचा सोडून गुडघ्यावरचं कडं बघितलं, मग चादर. कात्री व्याख्यानाची वाट बघत उभा राहिला.

“पिस्टन बघू,” आप्पा म्हणाले.

त्यांनी ओरखडे पाहिले, अंगठा फिरवला आणि चढ कुठला होता ते विचारलं. आवाज कसा आला, आधी धूर निघाला का, तेही. ते रागावले नव्हते. त्यांच्या चेहऱ्यावर पहिला बोल्ट सुटताना कात्रीच्या चेहऱ्यावर होतं तेच होतं. सिलिंडर कुठून आणला, किती फिरलेला आहे, मालक कोण, हे त्यांनी इतकं खोदून विचारलं की कात्रीला शेठची कीव आली. मग त्यांनी लेकीला खुर्ची टेबलाजवळ ओढायला सांगितली आणि कात्रीला रॉकेल आणायला पाठवलं.

तिथून आठवडाभर इंजिन आप्पांचं झालं. कात्री धुवायला. आप्पा हात पुढे करायचे, कात्री त्यात पाना ठेवायचा. चुकीचा ठेवला की आप्पा तसाच हात पुढे धरून ठेवायचे. कात्रीने एकदाच जोर लावला, बेअरिंगच्या प्रश्नावर. आप्पा ते गुडघ्यावरून काढायला तयार नव्हते. कात्रीने काढून टाकलेलं जुनं बेअरिंग त्यांनी मागितलं, कानाशी धरून फिरवलं, डोळे मिटून ऐकलं.

“याला काय झालंय? चालेल की.”

कात्रीने सांगितलं, की बेअरिंग नवंच घालायचं असतं, यावर सगळ्यांचं एकमत आहे. आप्पा म्हणाले, “मग माझंही मत नवंच घालायचं. फक्त कुठे, तेवढा प्रश्न आहे.” त्यांनी पाय स्टुलावर ठेवला. बायकोने फ्रीजरमधून पंचा आणून दिला. जुनं बेअरिंग गरम कवचात सोडलं, आणि खरंच, आपोआप बसलं.

गाडी दाराबाहेर उभी राहिली. आप्पा सीटवर बसले, लेक मागे बसली. किक मारायला अर्थातच कात्री. त्याने इतक्या किका मारल्या की शर्ट अंगाला चिकटला. मग इंजिन फुरफुरलं, खोकलं आणि चालू झालं. जरा गुणगुणत होतं, पण चालू झालं. शेजारच्या दुकानातला शिंपी मशीन थांबवून बाहेर आला आणि म्हणाला, वा, गाडी कोणी बांधली?

“मीच,” आप्पा म्हणाले. “जावईबापूंना त्यातलं काही कळत नाही. पण हे बघा,” त्यांनी पँट वर करून गुडघा दाखवला, “याला मात्र त्यांनी असं काही शोधून आणलंय, की काय सांगू. सेवेला फार चांगले आहेत हो.”

कात्रीला बरंच काही सांगायचं होतं. पण त्याला दम लागला होता.