वरील साल

माझं शुद्धलेखन कच्चं आहे आणि शब्दही साधेच येतात, तेवढी चूक पोटात घाला. मी एका कारखान्याचं अख्खं साल पोटात घातलं आहे आणि ते कसं झालं, हे मला सांगायचं आहे.

माझं नाव इराप्पा. सगळे इरू म्हणतात. आठवीतून शाळा सोडली. तासगावजवळ बेदाण्याच्या कोल्ड स्टोरेजमध्ये चार नंबरची खोली माझ्याकडे आहे. तिथे पुढे बेदाण्याचे बॉक्स असतात आणि मागच्या रॅकवर युक्रेनमधल्या एका चॉकलेट-गोळ्यांच्या कारखान्याचा इतिहास असतो. ती कंपनी पूर्वी चॉकलेटात घालायला आमच्याकडून बेदाणा घ्यायची. तिकडे लढाई सुरू झाली तेव्हा त्यांनी विचारलं, आमचा इतिहास चार डिग्रीवर ठेवाल का? आमचे मॅनेजर मगदूम साहेब म्हणाले, बेदाणाही चारवरच असतो, पाठवा.

इतिहास दिसायला झाडाच्या ओंडक्यासारखा आहे. दर एकतीस डिसेंबरला वर्षभराचा उरलेला पाक आणि चॉकलेट एकत्र आटवून त्यावर ओतायचं, अशी त्यांची रीत. एक थर म्हणजे एक साल. थराला जीभ लावली की ते साल कळतं. त्यासाठी कंपनीकडे अर्ज करावा लागतो, कुठलं साल आणि किती जिभा. अगदी गाभ्यात सव्वाशे वर्षांपूर्वीचा एक पाववाला आहे. तो बायकोने पाकात घातलेले आलुबुखार घराच्या खिडकीतून विकायचा. पुढे कारखान्याची चिमणी आली. पुढे सरकारने कारखाना घेतला आणि नाव बदललं. पुढे सरकारच गेलं आणि नाव परत आलं. मध्ये भुकेची दोन सालं कांद्याच्या पापुद्र्याएवढी पातळ आहेत, त्यांच्यासाठी कुणी अर्ज करत नाही. सगळ्यात वरचं साल चोपन्न दिवसांचं होतं, एक जानेवारी ते तेवीस फेब्रुवारी. लढाई आली म्हणून ते घाईघाईने ओतून ओंडका गाडीत घातला होता.

हे झालं त्या दिवशी मगदूम साहेब पाहुण्यांना आणायला मिरज स्टेशनवर गेले होते. जाताना माझ्या वहीवर चिठ्ठी ठेवली होती: ‘वरील साल व्यवस्थित काढून ठेवणे. पाहुणे येत आहेत.’

शाळेत ‘लिंग ओळखा’ आलं की मी खाली मान घालायचो. ते साल आणि ती साल हे दोन वेगळे शब्द आहेत, एवढं मला माहीत होतं. चिठ्ठीत ‘ते’ही नव्हतं आणि ‘ती’ही नव्हती. मी ‘ती’ धरली. पाहुण्यांसमोर फळ सोलून ठेवतात, तसं असेल असं वाटलं. फोन करून विचारता आलं असतं. पण मी फोनवर काय बोलायचं ते आधी मनात म्हणून बघतो, आणि तेवढ्यात धीर जातो.

पातळ सुरीने साल काढली. ती वळून वळून ट्रेमध्ये पडली. आमच्याकडे बेदाणा खाली सांडला तर टाकत नाहीत, तोंडात टाकतात. त्या सवयीने एक तुकडा मी तोंडात टाकला.

मला एक जानेवारीची सकाळ कळली. ओस्ताप नावाचा मुलगा गोळ्यांना कागद गुंडाळायच्या मशीनजवळ आला. पांढरे टोप घातलेल्या बाया एकदम ओरडल्या, “आला गं ओस्ताप! आता मशीन नीट चालतंय बघा.” त्याचे कान लाल झाले. माझेही होतात. पण मला बघून कुणी असं ओरडत नाही.

पहिला तुकडा मी चुकून खाल्ला, हे शपथेवर सांगतो. दुसरा चुकून नव्हता. हे साल आहे, हे मला तोवर कळलं होतं. तरी मी बॉक्सच्या आड बसून एकेक तुकडा खात गेलो, कारण दर तुकड्यात त्या बाया त्याला हाक मारत होत्या. शेवटी मी ट्रेसुद्धा चाटला. ते लिहिताना आत्ताही कान तापतात.

साडेअकराला साहेब आले. त्यांच्याबरोबर एक साठीच्या बाई होत्या, डोक्याला फुलांचा रुमाल बांधलेल्या. आणि पलूसची प्रणोती होती. ती तिकडे डॉक्टरकीला होती, लढाईमुळे चौथ्या वर्षातून परत आली. तिला त्यांची भाषा येते.

“ह्या हालीना मावशी,” साहेब म्हणाले. “ह्यांचा अर्ज मंजूर आहे. एक जीभ, वरचं साल. कुठं काढून ठेवलंयस?”

मी ओंडक्याकडे बघितलं. साहेबांनीही बघितलं.

“अरे, हे तर त्याच्या आधीचं साल! वरचं कुठाय?”

“सोललं, साहेब.”

“सोललं? अरे मर्दा, ते साल काढ म्हणलो होतो, ते! ओंडका रॅकवरून खाली काढायचा होता!”

“मला ती वाटली.”

“ती काय ती! आणि सोललेलं कुठाय?”

मी पोटावर हात ठेवला.

बेदाणा निवडणाऱ्या शहनाजभाभी दारात येऊन उभ्या होत्या. त्या म्हणाल्या, “या अल्ला. तोंड उघडत नाही म्हणून आम्ही ह्याला गरीब समजत होतो. उघडलं ते डायरेक्ट साल गिळायला!”

प्रणोतीने सगळं मावशींना सांगितलं. मला वाटलं त्या रडतील, नाहीतर मारतील. त्यांनी बेदाण्याचा एक बॉक्स ओढला आणि माझ्यासमोर बसल्या. बराच वेळ बोलल्या.

प्रणोती म्हणाली, “ओस्ताप ह्यांचा मुलगा. चोवीस वर्षांचा. लढाईवर गेला, त्याचा पत्ता नाही. तेवीस फेब्रुवारीला सकाळी दोघांचं भांडण झालं होतं. कोटाची चेन दुरुस्त करून आण म्हणून ह्या रोज मागं लागायच्या. तो न जेवता कामावर गेला. रात्रपाळीही केली, आणि सकाळी तिथूनच परस्पर भरती झाला. ह्यांना एवढंच बघायचं होतं, की त्या दिवशी तो जेवला का.”

ते मला माहीत होतं. शेवटच्या तुकड्यात होतं. काय बोलायचं ते मी आधी मनात म्हणून बघत होतो. साहेब म्हणाले, “बोल की लेका! खाताना नाही लाजलास.”

“जेवला,” मी म्हणालो. “काळा पाव आणि काकडीचं लोणचं. मशीनवरच्या मोठ्या बाईंनी आपल्या डब्यातलं दिलं. दोन घास उरत होते, ते पण त्यांनी खायला लावले. आणि जेवल्यावर त्याने चेनचं तुटलेलं टोक पकडीने दाबून बसवलं. चेन लागली. तो म्हणाला, आईला आता सांगणार नाही, उद्या घालून दाखवीन.”

प्रणोतीने ते त्यांना सांगितलं. मावशींनी रुमाल सोडला आणि पुन्हा घट्ट बांधला. मग माझ्या गालाला हात लावून काहीतरी म्हणाल्या. प्रणोतीने ते मराठीत सांगितलं नाही, आणि मीही विचारलं नाही.

मी त्यांच्या पाया पडलो. म्हणालो, “पहिला तुकडा चुकून. बाकीचे मुद्दाम.” प्रणोतीने तेही सांगितलं. मावशींनी मान हलवली. त्यांचा मुलगाही गोळ्या खिशात घालायचा आणि पकडला गेला की असाच हिशोब द्यायचा, असं त्या म्हणाल्या.

साहेब तोवर करार काढून वाचत होते. “लढाई संपली की इतिहास पूर्ण परत करायचा, असं लिहिलंय,” ते म्हणाले. “तोवर चार डिग्री. त्यात साल कशात ठेवायचं ते दिलेलं नाही.” त्यांनी माझ्याकडे वरपासून खालपर्यंत बघितलं. “इरू, घरात स्वेटर आहे?”

“आहे.”

“कानटोपी?”

“ती पण आहे.”

मावशींचा अर्ज एका जिभेचा होता. पण जीभ कुणाची ते अर्जात लिहिलेलं नव्हतं, म्हणून साहेबांनी माझी धरली आणि मावशींना चोपन्न दिवसांचा पास करून दिला.

दुसऱ्या दिवशी सकाळी आठ वाजता मी स्वेटर आणि कानटोपी घालून चार नंबरच्या खोलीत गेलो. ओंडक्याशेजारी रॅकवर गोणपाट अंथरलेलं होतं. शहनाजभाभींनी माझ्या गळ्यात सालाचं लेबल अडकवलं आणि म्हणाल्या, “आला गं इरू!” हालीना मावशी अंगावर घोंगडी घेऊन समोर बॉक्सवर बसल्या होत्या, बाजूला प्रणोती. मी रॅकवर चढून मांडी घातली, कुणाकडे न बघता घसा साफ केला, आणि एक जानेवारीपासून सुरुवात केली.